आरोग्याच्या निर्णयासाठी वेगवेगळे पुरावे कसे जोडावेत: खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या बाळंतपणांचं उदाहरण घेऊन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीपासून भीमगडच्या जंगलापर्यंतच्या पट्ट्यात, जूनपासून पावसाची झड लागते. नाले भरले की गवाळी, पास्टोली, कोंगळा अशा गावांतून आजारी माणसाला बाहेर काढणं अवघड होतं. अशा गावात एखादी बाई नवव्या महिन्यात असेल तर काय करायचं? या प्रश्नावर कुणी रुग्णवाहिका मागतं, कुणी पूल मागतं. कुणी म्हणतं बाईला आठवडाभर आधी खानापुरात आणून ठेवा, तर कुणी म्हणतं आशा ताईंकडे रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या द्या. प्रत्येकाकडे काही ना काही आधार असतो: सरकारी आकडा, डॉक्टरांचा सल्ला, वाचलेलं एखादं संशोधन, किंवा स्वतःच्या घरात झालेला मृत्यू.

हे सगळे आधार खरे असू शकतात. अडचण अशी की ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि आपण त्यांना एकाच वादात समोरासमोर उभं करतो. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. ग्रामपंचायत सदस्य, आरोग्य रक्षा समितीतले लोक, महिला मंडळं, शिक्षक, पत्रकार, तालुका पातळीवरचे कर्मचारी अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. प्रत्येक पुरावा त्याच्या त्याच्या प्रश्नासमोर कसा ठेवायचा, त्याचं वजन कसं करायचं आणि पुरावे जुळत नाहीत तिथे काय करायचं, ते एकाच उदाहरणावरून सांगतो.

पहिला टप्पा: निर्णय ठरवा, मग प्रश्न फोडा

"बाळंतपणं सुरक्षित कशी होतील?" या प्रश्नाला पुरावा शोधता येत नाही. आपल्या हातातला निर्णय आधी नेमका लिहा. उदाहरणार्थ: येत्या पावसाळ्यात जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी दवाखान्याजवळ आधीपासून मुक्कामाची सोय करायची, की घरी बाळंतपण झालंच तर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आशा ताईंमार्फत पोचवायच्या, की दोन्ही?

आता याचे तुकडे करा. अशी बाळंतपणं किती आणि कोणत्या महिन्यांत होतात? यासाठी मोजणी लागते. या उपायांनी खरंच फरक पडतो का? यासाठी तुलना करणाऱ्या चाचण्या लागतात. बायकांना आणि घरच्यांना हे पटेल का, त्यांना कुठे अडतं? यासाठी मुलाखती आणि गटचर्चा. आपल्या दवाखान्याला हे झेपेल का, खर्च किती? यासाठी कामाचा अनुभव, औषधाच्या साठ्याच्या नोंदी आणि हिशेब. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारत राहायचा: यातून कोण मागे राहील?

एका जाडजूड वहीत प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र पान द्या. पुढचं सगळं काम या पानांवर चालतं.

दुसरा टप्पा: मोजणी, आणि सीमेवर हरवणारे आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, कर्नाटकात 97 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. हा आकडा चांगला आहे आणि खराही आहे. पण या सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंतच उतरतात. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 48 लाख होती. एवढ्या मोठ्या सरासरीत जंगलातली दहा-बारा गावं दिसेनाशी होतात. उरलेले तीन टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, ते अशाच ठिकाणी साचतात.

मृत्यूच्या आकड्यांबाबत तर फारच जपून राहायला हवं. 2018-20 मध्ये कर्नाटकाचं माता मृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे 69 होतं, महाराष्ट्राचं 33. खानापूर तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास धरली आणि हजार माणसांमागे सोळा-सतरा जन्म धरले, तर वर्षाला चार हजारांच्या आसपास बाळंतपणं होतात. राज्याचं प्रमाण लावलं तर वर्षाला सरासरी तीनच्या आतबाहेर मातामृत्यू येतात. म्हणजे एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी पाच मृत्यू झाले, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. "आमच्या योजनेमुळे मृत्यू पाचावरून एकावर आले" असं कुणी सांगितलं तर टाळी वाजवण्याआधी हा हिशेब करा. तालुक्याच्या पातळीवर मृत्यूंची संख्या उपायाची परीक्षा घेऊ शकत नाही. त्याऐवजी वाटेत झालेली बाळंतपणं, कळा सुरू होण्याआधी दवाखान्यात पोचलेल्या बायका, रक्तस्रावासाठी पुढे पाठवलेल्या आणि रक्त द्यावं लागलेल्या बायका हे मोजा. प्रत्येक मृत्यूची मात्र स्वतंत्र चौकशी हवीच. निर्णय घ्यायला उशीर झाला, पोचायला उशीर झाला, की पोचल्यावर उपचाराला उशीर झाला, हे तीन उशीर वेगळे करून पाहिले की एका मृत्यूतूनही पुष्कळ कळतं.

आता आपल्या भागाची खास अडचण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि सोयरिकी सीमा बघून होत नाहीत. चंदगडची मुलगी खानापूरला दिलेली असते, खानापूरची गडहिंग्लजला. गरोदरपणाची नोंद आणि तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर मातेचं कार्ड) कर्नाटकात, बाळंतपण महाराष्ट्रात, किंवा उलट. निपाणी-चिकोडीकडची माणसं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातात, अथणी-रायबागची मिरज-सांगलीला, खानापूर-लोंढ्याची बेळगावला नाहीतर गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. 2023 साली महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना 865 सीमागावांसाठी जाहीर केली. तिचा लाभ घेऊन कुणी पलीकडे गेलं तर त्या उपचाराची नोंद पलीकडच्या यंत्रणेत होणार. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या आसपास खोपटांत राहणाऱ्या गरोदर बायका तर दोन्हीकडच्या याद्यांतून सुटण्याचा धोका असतो. म्हणून एखाद्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत बाळंतपणं कमी दिसली, तर तिथे गरज कमी आहे असा अर्थ लगेच काढू नका.

यावर उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि गावातल्या एक-दोन जाणत्या बायका एकत्र बसा आणि गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक गरोदरपणाची यादी करा. माहेरी गेलेल्या सुना आणि माहेरी आलेल्या लेकी दोन्ही धरा. रकाने एवढेच: महिना, बाळंतपण कुठे झालं, कोणत्या राज्यात, तिथे कसं पोचली, वाटेत किती वेळ गेला, जास्त रक्त गेलं का, आई आणि बाळ कसे आहेत. नावं त्या यादीपुरती, पुढच्या कागदावर फक्त संख्या. मग हीच यादी नोंदवहीशी ताडून पाहा. किती नावं नोंदवहीत नाहीत, हे कळणं हाच एक मोठा पुरावा आहे.

तिसरा टप्पा: उपाय लागू पडतो का?

इथे सुरुवात एकट्या संशोधनापासून करू नका. त्या विषयावरच्या सगळ्या चाचण्या शोधून, पारखून एकत्र मांडणारे पद्धतशीर आढावे आधी पाहा. 1993 साली सुरू झालेल्या कॉक्रेन संस्थेचे आढावे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना ही पहिली दोन दारं. कॉक्रेनच्या प्रत्येक आढाव्याचा साध्या भाषेतला सारांश मोफत वाचता येतो.

आपल्या उदाहरणात मात्र एक चाचणी घरचीच आहे. 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 1,620 बायकांवर मिसोप्रोस्टॉलची चाचणी झाली. ती 2006 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आली. कुणाला खरी गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली, गोळी द्यायची हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरलं होतं. बाळंतपणानंतर 500 मिलीलिटर किंवा जास्त रक्त जाण्याचं प्रमाण पोकळ गोळीच्या गटात 12 टक्के होतं, मिसोप्रोस्टॉलच्या गटात 6.4 टक्के. म्हणजे 18 बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. थंडी वाजणं आणि ताप हे त्रास मात्र गोळी घेतलेल्यांत जास्त दिसले. आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांच्या सहभागातून हे ज्ञान जगाला मिळालं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

पण पुराव्याची किंमत ठरवताना अभिमान बाजूला ठेवावा लागतो. पुराव्याची खात्री मोजायला ग्रेड नावाची पद्धत जगभर वापरतात. तिच्यात उच्च, मध्यम, कमी आणि अगदी कमी अशा चार पायऱ्या आहेत. सोडत पद्धतीची चाचणी वरच्या पायरीवरून सुरू होते आणि पाच कारणांनी खाली येऊ शकते: चाचणीत पक्षपाताला वाव असणं, वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल न जुळणं, आपल्या प्रश्नाशी थेट संबंध नसणं, आकडा फार सैल असणं (म्हणजे खरा आकडा त्याहून बराच कमी किंवा जास्त असू शकणं), आणि फक्त चांगले निकाल छापले गेल्याची शंका. बेळगावच्या चाचणीत गोळी प्रशिक्षित नर्सबाईंनी दिली होती. आपला प्रश्न आशा ताईंबद्दल आहे. इथे तिसरं कारण लागू होतं. म्हणून आशा ताईंसारख्या कार्यकर्त्यांवर झालेले अभ्यास वेगळे पाहायला हवेत. प्रशिक्षित परिचारिका नसेल तिथे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी मिसोप्रोस्टॉल द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दुसरं असं की 18 मागे एक हा हिशेब फक्त घरी किंवा वाटेत होणाऱ्या बाळंतपणांना लावायचा. दवाखान्यात रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मिळत असेल तर तेच पहिलं. ते 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणून वीज किती तास जाते आणि फ्रीज चालतो का, हा प्रश्न चौथ्या पानावर आजच लिहून ठेवा.

मोजमापाबद्दलही एक गोष्ट या चाचणीच्या कामातून शिकायला मिळते. रक्त मोजण्यासाठी तिथे बाईखाली पसरायची, खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली होती. नुसत्या नजरेने केलेला अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे 33 टक्के कमी भरतो, असं बेळगावच्याच एका वेगळ्या अभ्यासात दिसलं. मग ज्या दवाखान्यात रक्त नजरेनेच मोजतात तिथल्या नोंदवहीत रक्तस्रावाच्या केसेस कमी दिसणारच.

मुक्कामाच्या सोयीबद्दलचा पुरावा अगदी वेगळ्या जातीचा आहे. कॉक्रेनच्या आढाव्याला सोडत पद्धतीची एकही चाचणी सापडली नव्हती. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दुर्गम भागासाठी अशा प्रतीक्षागृहांची सशर्त शिफारस केली आणि पुराव्याची खात्री "अगदी कमी" असल्याचं स्पष्ट लिहिलं. पुरावा कमी असणं आणि उपाय निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बैठकांत हा घोटाळा फार होतो.

चौथा टप्पा: तिथे चाललं म्हणून इथे चालेल का?

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. कारण इथली चूक जिवावर बेतते, आणि त्याचं ठळक उदाहरणही आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे.

अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. मोठ्या रुग्णालयांतल्या अनेक चाचण्यांनी हे सिद्ध केलं होतं. मग हेच गावपातळीपर्यंत का नेऊ नये, असा प्रश्न आला. सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतात ती बेळगाव आणि नागपूर भागांत होती. 2015 मध्ये निकाल आले तेव्हा धक्का बसला. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट सगळी बाळं मिळून पाहिलं तर इंजेक्शनचा प्रसार केलेल्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे 3.5 मृत्यू जास्त झाले. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली. पुढे भारतासह पाच देशांत, चांगली सोय असलेल्या रुग्णालयांतच पुन्हा चाचणी घेतली. 2020 मध्ये तिचा निकाल आला: नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले.

औषध तेच होतं. मग फरक कशामुळे पडला असेल? रुग्णालयात सोनोग्राफीने दिवस नीट ठरवले जात होते, आईला जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं जात होतं आणि जन्मल्यावर बाळाला ऊब, श्वासाची मदत आणि देखरेख मिळत होती. गावात दिवसांचा अंदाज चुकतो आणि पूर्ण दिवसांच्या बाईलाही इंजेक्शन दिलं जातं. म्हणून प्रत्येक उपायाखाली एक ओळ लिहा: हा उपाय चालण्यासाठी आजूबाजूला काय काय असावं लागतं? मग त्यातलं आपल्याकडे काय आहे ते दवाखान्यात जाऊन पाहा. कागदावर असतं ते कपाटात असेलच असं नाही.

मिसोप्रोस्टॉलसाठी ही यादी अशी होईल: गोळी बाळ जन्मल्यानंतरच द्यायची, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून द्यायची, थंडी-ताप येऊ शकतो हे घरच्यांना आधी सांगायचं, आणि न वापरलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवायचा. हेच औषध गर्भपातासाठीही वापरलं जातं, त्यामुळे अधिकाऱ्यांना वाटणारी काळजी खोटी नाही. तिला उत्तर द्यायची तयारी ठेवा.

पाचवा टप्पा: माणसांचं ऐका, तेही पद्धतशीर

आठवडाभर आधी खानापुरात राहायला बायका तयार होतील का, हे कुठलीही चाचणी सांगणार नाही. मागे राहिलेल्या पोरांना कोण बघणार, गुरांचं काय, रोपलावणीच्या दिवसांत घरातलं एक माणूस कमी झालं तर कसं भागणार, सासू सोबत येणार की आई, तिथे स्वयंपाकाची सोय काय, मराठी बोलणारी सिस्टर भेटेल का? असे प्रश्न मुलाखतीतच निघतात. ज्या बायका दवाखान्यात गेल्या त्यांच्याशी बोला आणि ज्या गेल्या नाहीत त्यांच्याशी मुद्दाम बोला. सासवा, नवरे, गावातल्या सुईणी, आशा ताई, जीपवाले हेही घ्या. धनगर-गवळी वाड्यांवरच्या बायका गावच्या बैठकीला येत नसतील तर आपण वाड्यावर जायचं. बाईशी बोलताना घरातलं कुणी शेजारी बसलेलं नसावं. परवानगी आधी घ्यायची, आणि मृत्यू झालेल्या घरी प्रश्नावली पुढे करायची नाही.

या पुराव्याचं वजन "किती जणी म्हणाल्या" यावर ठरत नाही. त्यासाठी ग्रेडचीच सर्क्वल नावाची जोडपद्धत आहे. ती चार गोष्टी पाहते: अभ्यास नीट केला होता का, निष्कर्ष मिळालेल्या माहितीशी जुळतो का, माहिती पुरेशी आणि खोल आहे का, आणि ती आपल्या संदर्भातली आहे का. दोन बायका बोलल्या म्हणून "सगळ्या बायकांचं मत" लिहू नका. पण एकीनेच सांगितलेली अडचण खरी असेल तर तिला वहीत जागा द्या.

मुलाखत मराठीत झाली आणि अहवाल कन्नडमध्ये द्यायचा असेल, तर दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. बाईचं मूळ वाक्य वहीत तसंच राहू द्या.

खर्चाचं पान थोडक्यात आटपेल. गोळी स्वस्त आहे. खरा खर्च प्रशिक्षण, साठा आणि देखरेखीचा. मुक्कामाच्या सोयीत जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि रात्रीची जबाबदारी धरा. घरच्यांच्या खिशातून जाणारा पैसा सरकारी हिशेबात दिसत नाही. तो आपण मांडायचा.

सहावा टप्पा: पानं शेजारी ठेवा

आता एक मोठा तक्ता करा. उभ्या रकान्यांत उपाय, आडव्या ओळींत प्रश्न. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी: पुरावा काय सांगतो, आणि खात्री किती. सगळ्याची गोळाबेरीज करून गुण देऊ नका. गुणांच्या बेरजेत धोका लपतो: एका उपायाला चार ठिकाणी चांगले गुण मिळतात आणि पाचव्या ठिकाणी तो जीवघेणा असतो.

तक्त्यात तीन प्रकारच्या जागा सापडतील. जुळणाऱ्या जागांवर वेळ घालवू नका. रिकाम्या जागा तशाच रिकाम्या दाखवा. न जुळणाऱ्या जागांवर सगळ्यांनी मिळून बसा. समजा नोंदवही सांगते की घरी बाळंतपणं होतच नाहीत, आणि गावची यादी सांगते की पावसाळ्यात होतात. अशा वेळी कोण खोटं बोलतंय हे शोधत बसू नका. वाटेत झालेलं बाळंतपण कुठे लिहिलं जातं, ते विचारा. दवाखान्यात पोचल्यावर ते दवाखान्यातलंच म्हणून लिहिलं जात असेल, तर विसंगती सुटली आणि वाहतुकीचा खरा प्रश्न हाती आला. किंवा समजा चाचण्या गोळीच्या बाजूने आहेत, पण गोळी घरात आली तर माणसं दवाखान्यात जाणारच नाहीत असं नर्सबाईंना वाटतं. ही भीती तपासता येण्यासारखी आहे. फक्त नाला भरण्याच्या महिन्यांत, ठरलेल्या गावांत, दवाखान्यात जाण्याच्या योजनेसोबतच गोळी दिली तर काय होतं ते मोजा.

सातवा टप्पा: निर्णय लिहा आणि योग्य टेबलावर न्या

पुरावा स्वतः निर्णय घेत नाही. शेवटी माणसांनाच ठरवावं लागतं, म्हणून ते कसं ठरवलं हे लिहिलेलं असावं. फायदा, धोका, खात्री, लोकांची पसंती, खर्च, समन्याय (कुणी मागे राहत नाही ना) आणि व्यवहार्यता या सात मुद्द्यांवर प्रत्येकी दोन वाक्यं पुरतात. पुढे शिफारस "ठाम" की "सशर्त" ते सांगा. आपल्या उदाहरणात माझा कौल असा: पावसाळ्याच्या महिन्यांत मुक्कामाची सोय सशर्त करावी, सोबतच्या माणसाच्या जेवणासह आणि मोजणीसह. ज्या वाड्या पूर्ण तुटतात तिथे प्रशिक्षित आशा ताईंकडे मिसोप्रोस्टॉल ठेवावं. आणि रक्त मोजायच्या पिशव्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ताबडतोब याव्यात, कारण त्याशिवाय पुढचं काहीच नीट मोजता येणार नाही.

कागद दोन पानांचा, कन्नड आणि मराठी दोन्हींत करा. पहिल्या पानावर मागणी आणि तक्ता, दुसऱ्यावर पुरावे. आधी ग्रामसभेचा ठराव, मग आरोग्य केंद्राची आरोग्य रक्षा समिती, मग तालुका आरोग्य अधिकारी, तिथून जिल्हा आरोग्य अधिकारी. औषध आशा ताईंकडे ठेवायला आरोग्य खात्याचा लेखी आदेश लागतो, तो गावाच्या उत्साहावर करायची गोष्ट नाही. चंदगडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही प्रत द्या आणि माहेरी आलेल्या, गेलेल्या बायकांची संख्या दर महिन्याला एकमेकांना कळवता येईल का, ते विचारा. सीमेवरच्या गावातून 108 ला फोन लावला तर तो कोणत्या राज्याच्या केंद्रात लागतो, हेही गावोगाव तपासून प्रस्तावाला जोडा.

शेवटी, काय दिसलं तर निर्णय बदलायचा हे काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवा: मुक्कामाच्या खोल्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या राहिल्या, गोळी बाळाच्या आधी दिल्याची एक जरी घटना घडली, किंवा दवाखान्यातली बाळंतपणं घटली तर. सुरुवातीच्या आधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने यांचे आकडे महिन्यागणिक एकाच कागदावर मांडा, म्हणजे पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच होईल. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की समितीची बैठक लावा, तक्ता पुन्हा उघडा आणि रिकाम्या चौकटींपासून सुरुवात करा.